वाहतूक व्यवस्थापनातील कामगिरीचा गौरव करायचा, तर निकष कोणते असावेत?

चौफुला (धागाकर्ता)

आमच्या शहरातील एका नागरिक मंचाने पुढील वर्षापासून वाहतूक व्यवस्थापनात उल्लेखनीय काम करणाऱ्या व्यक्तीचा किंवा चमूचा जाहीर गौरव करायचे ठरवले आहे आणि त्याचे निकष ठरवणाऱ्या समितीत मी आहे. पहिल्या बैठकीत जी शिफारसपत्रे वाचली गेली, त्यांत एक साम्य होते. प्रत्येकात किती कॅमेरे बसवले, नियंत्रण कक्षाची भिंत किती पडद्यांनी सजली आणि किती कोटींचे कंत्राट दिले गेले, याचे सविस्तर वर्णन होते. मात्र त्या सगळ्यामुळे रस्त्यावर नेमका काय फरक पडला, याबद्दल एकाही पत्रात धड दोन वाक्ये नव्हती. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर मंडपाचा खर्च छापावा, तसे ते मला वाटले.

या क्षेत्रात पुरस्कार नाहीत असे नाही. इंटेलिजेंट ट्रान्सपोर्ट सिस्टिम (आयटीएस), म्हणजे संगणक व संपर्क तंत्रज्ञानाच्या मदतीने वाहतूक हाताळणारी यंत्रणा, या विषयाची जागतिक परिषद १९९४ मध्ये पॅरिसला सुरू झाली आणि तेथे स्थानिक प्रशासन, उद्योग आणि आयुष्यभराचे योगदान यांसाठी सन्मान दिले जातात. आपल्याकडे केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाच्या ‘अर्बन मोबिलिटी इंडिया’ परिषदेत इतर पुरस्कारांबरोबर उत्तम आयटीएस असलेल्या शहरालाही पुरस्कार असतो. तरीही गावपातळीवर किंवा जिल्हापातळीवर कोणाचे काम पाहायचे आणि ते कसे जोखायचे, याचा नमुना माझ्या हाती लागलेला नाही.

चर्चेला आधार म्हणून मी एक उदाहरण मांडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये ‘झीरो फेटॅलिटी कॉरिडॉर’, म्हणजे एकही मृत्यू न होणारा मार्ग, हा उपक्रम सुरू झाला. त्यात सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्तासुरक्षेसाठी काम करणारी संस्था, राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा ही कंपनी एकत्र आली होती. त्या वर्षी या मार्गावर १५१ माणसे मृत्युमुखी पडली होती आणि २०२० मध्ये हा आकडा ६६ पर्यंत खाली आला. माझ्या मते गौरवाला पात्र ठरणारी कामगिरी अशी असते, कारण येथे यंत्रांपेक्षा वाचलेल्या जिवांची मोजणी झाली. जाणकारांनी या उदाहरणाची कठोर तपासणी करावी आणि इतर उदाहरणेही सुचवावीत, अशी विनंती आहे.

कुसगावकर

चौफुला, उदाहरण योग्य निवडले आहे. मात्र त्यातील खरे काम कोणते होते, हे सविस्तर सांगितले पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याचा समज असा होईल की एका संस्थेने फलक लावले आणि मृत्यू कमी झाले.

या मार्गावरील अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रत्येक गंभीर अपघाताच्या जागी जाऊन तो कसा घडला याची नोंद घेतली. आपल्याकडे पोलिसांच्या कागदावर बहुतेक वेळा ‘चालकाची चूक’ एवढेच कारण येते आणि तेथेच तपास संपतो. येथे मात्र दुसरा प्रश्न विचारला गेला: चालक चुकला हे मान्य, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यूच का ठरली? उत्तरे अगदी साधी निघाली. कडेच्या पट्ट्यावर नादुरुस्त होऊन उभा राहिलेला ट्रक आणि रात्री त्याच्यावर मागून येऊन आदळणारी मोटार हा वारंवार दिसणारा प्रकार होता. कडेला संरक्षणाविना उभे असलेले काँक्रीटचे खांब होते. धातूच्या संरक्षक कठड्यांची टोके नीट वळवून जमिनीत घेतलेली नसली, तर वाहनाला अडवण्याऐवजी ती त्याच्या आत घुसतात. हे ज्याने एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे, तो प्रत्येक प्रवासात कठड्याच्या टोकाकडे पाहतो.

त्यानंतर खांबांपुढे कठडे आले, धोक्याच्या जागी खुणा आल्या, उभी वाहने लवकर हलवण्यावर भर दिला गेला आणि पोलिसांची गस्त अपघातांच्या वेळा व जागा पाहून आखली जाऊ लागली. यांपैकी एकाही गोष्टीचे उद्घाटन करता येत नाही. कठड्याचे टोक वळवल्याबद्दल फीत कोण कापणार?

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक शिफारसपत्रात ‘समस्या कशी शोधली’ हा स्वतंत्र भाग बंधनकारक असावा. ज्याला दुखणे कोठे आहे हे सांगता येत नाही, त्याच्या औषधाचे कौतुक करण्याची घाई नको.

आकडेमोड

या उपक्रमाबद्दल मला आदर आहे, तरीही १५१ वरून ६६ ही तुलना मी निकष म्हणून स्वीकारणार नाही. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते. मार्चअखेरीपासून कित्येक आठवडे या मार्गावर तुरळक वाहतूक होती आणि पुढच्या वर्षी मृतांचा आकडा पुन्हा वर चढला. याचा अर्थ काम वाया गेले असा मुळीच नाही, कारण घट २०२० पूर्वीच सुरू झाली होती. मात्र आधारवर्ष आणि तुलनेचे वर्ष निवडताना सोयीची दोन टोके उचलण्याचा मोह आवरला पाहिजे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या वर्षी एखाद्या चौकात नेहमीपेक्षा फार अपघात झाले की तेथे उपाय केले जातात आणि पुढच्या वर्षी अपघात कमी होतात. त्यांतील काही घट उपायांमुळे असते, तर काही घट केवळ आदल्या वर्षीचा उच्चांक योगायोगाचा असल्यामुळे आपोआप होते. केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात, अथवा एकूण १० मृत्यू, झाले की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. अशा जागांची निवडच वाईट काळ पाहून होत असल्याने त्यानंतरची थोडी सुधारणा कोणाच्याही खात्यावर जमा होते.

यावर उपाय अवघड नाहीत. आधीची ३ आणि नंतरची ३ वर्षे घ्यावीत, मृत्यूंबरोबर गंभीर जखमींचीही संख्या पाहावी, वाहतूक किती वाढली वा घटली याचा हिशेब ठेवावा आणि त्याच काळात उपाय न झालेल्या तशाच एखाद्या रस्त्याशी तुलना करावी. द्रुतगती मार्गासाठी शेजारचा जुना मुंबई–पुणे महामार्ग डोळ्यांसमोर आहे, जरी त्याचे स्वरूप बरेच वेगळे असले तरी. २०२२ या एकाच वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ आणि महाराष्ट्रात १५,२२४ माणसे गेली. एवढ्या मोठ्या दुःखाच्या हिशेबात ढिसाळपणा चालणार नाही.

उत्तरायण

आकडेमोड यांनी मांडलेली शिस्त प्रत्यक्षात कशी पाळता येते, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण स्टॉकहोमचे आहे. मी नोकरीनिमित्त या शहरात राहतो आणि येथील जुने रहिवासी आजही त्या प्रयोगाविषयी हिरिरीने बोलतात.

शहराच्या मध्यभागात वाहन नेण्यासाठी वेळेनुसार शुल्क आकारण्याची योजना येथे थेट कायमची लागू केली गेली नाही. ३ जानेवारी २००६ ते ३१ जुलै २००६ एवढ्याच काळासाठी ती चाचणी म्हणून राबवली गेली. प्रवेशाच्या ठिकाणी वाहनांच्या पाट्या कॅमेऱ्यांनी वाचल्या जात आणि कोठेही थांबावे लागत नसे. सीमारेषा ओलांडणारी वाहतूक साधारण एक पंचमांशाने घटली. त्यानंतर चाचणी ठरल्याप्रमाणे बंद झाली आणि वाहतूक पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर गेली. सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत झाले, त्यात निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी योजनेला पसंती दिली आणि १ ऑगस्ट २००७ पासून ती कायम झाली.

मला यातील गौरवास्पद भाग तंत्रज्ञानाचा वाटत नाही. यंत्रणा चालू केली, मोजले, बंद केली, पुन्हा मोजले आणि मग लोकांना विचारले, हा तो भाग आहे. चाचणीपूर्वी विरोध बराच होता. परिणाम अनुभवल्यावर मत बदलले. आपल्या पुरस्कारात ‘पूर्वी आणि नंतर’ या दोन स्तंभांच्या जोडीला, शक्य असेल तेथे, ‘बंद केल्यावर’ असा तिसरा स्तंभ असावा. शहरातील एखादा एकदिशा मार्ग किंवा सिग्नलची नवी वेळ अशा रीतीने महिनाभर थांबवून पाहणे अशक्य नाही.

सिग्नलदुरुस्ती

मी अनेक वर्षे सिग्नल बसवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम केले आहे. वरची चर्चा वाचताना जाणवले की आपण महामार्ग आणि मोठ्या योजनांबद्दल बोलत आहोत. परंतु शहरातील सामान्य माणसाचा या विषयाशी संबंध येतो तो चौकातील तीन दिव्यांपाशी. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सिग्नलची वेळ ठरवणे हे अंदाजाचे काम राहिलेले नाही. इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील वेबस्टर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र आजही शिकवले जाते. हिरव्या–लाल टप्प्यांच्या एका पूर्ण चक्रात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात ५ मिळवायचे आणि त्या बेरजेला, १ मधून चौकावरील भार (म्हणजे चौकाच्या क्षमतेच्या तुलनेत येणाऱ्या वाहनांचे प्रमाण) वजा करून जे उरते, त्याने भागायचे. समजा चक्रात १२ सेकंद वाया जातात. भार ०.७ असेल तर योग्य चक्र सुमारे ७७ सेकंदांचे येते, ०.८ असेल तर ११५ सेकंदांचे आणि ०.९ झाला की थेट २३० सेकंदांचे. भार थोडाच वाढलेला असतो, पण थांबणे दुप्पट होते. चौक भरत आला की केवळ हिरव्या दिव्याची वेळ वाढवून प्रश्न सुटत नाही, हे या एका ओळीच्या गणितातून स्पष्ट होते. तरीही ‘आमच्या बाजूला हिरवा वाढवा’ हीच मागणी प्रत्येक बाजूचे रहिवासी करतात आणि कधी कधी ती मान्यही होते.

पुढची पायरी म्हणजे संगणकाने अनेक चौक एकत्र चालवणे. टोरोंटोमध्ये १९६३ साली ते प्रथम झाले. सिडनीमध्ये १९७० च्या दशकात स्कॅट्स ही प्रणाली उभी राहिली आणि ब्रिटनमध्ये स्कूट आली. या दोन्ही प्रणाली वाहने किती येत आहेत ते पाहून वेळ बदलतात. आता खरी गोम येथे आहे. पाहण्यासाठी डोळे लागतात आणि ते डोळे रस्त्यात पुरलेले असतात. डांबरात बारीक खाच कापून तिच्यात तांब्याच्या तारेचे काही वेढे घातले जातात आणि खाच वरून बुजवली जाते. वरून लोखंडी वाहन गेले की तारेच्या विद्युत गुणधर्मात किंचित बदल होतो आणि चौकातल्या, सिग्नल चालवणाऱ्या पेटीला वाहन आल्याचे कळते. यालाच आम्ही लूप म्हणतो. मग पावसाळ्यानंतर रस्त्याचे पुनर्डांबरीकरण होते, जुना थर खरवडून काढणारे यंत्र येते आणि लूप तुटतो. पेटीला काहीच दिसेनासे होते आणि ती आधी भरून ठेवलेल्या ठरावीक वेळा चालवू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला सिग्नल व्यवस्थित चालू दिसतो. कागदावर तो ‘अॅडॅप्टिव्ह’च, म्हणजे गर्दीनुसार वेळ बदलणाराच असतो.

आपल्याकडे दुचाकींची गर्दी आणि मार्गिकांची बेशिस्त यांमुळे लूपऐवजी कॅमेऱ्यांना पसंती मिळते, कारण दुचाकी लूपला नीट जाणवत नाही. कॅमेऱ्याचे शत्रू वेगळे असतात: भिंगावरची धूळ, वाढलेली फांदी, उत्सवातला मांडव आणि नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. एका चौकात कॅमेऱ्यापुढे लटकलेला फ्लेक्स काढण्याची परवानगी मिळेपर्यंत वाढदिवस होऊन गेला होता आणि तेवढ्या काळात त्या बाजूला वाहने नाहीतच असे गृहीत धरून यंत्रणा तिला किमान हिरवा देत राहिली.

माझी मागणी एकच आहे. सन्मान बसवण्याच्या वर्षी देऊ नका. यंत्रणा सुरू झाल्यावर किमान ३ वर्षांनी जाऊन पेट्या उघडा, किती लूप किंवा कॅमेरे प्रत्यक्ष माहिती देत आहेत ते पाहा, बिघाडाची नोंद झाल्यापासून दुरुस्तीपर्यंत सरासरी किती तास गेले ते नोंदवहीतून काढा आणि मग पुरस्कार ठरवा. तसे केलेत तर व्यासपीठावर बहुधा अशी माणसे येतील ज्यांचे छायाचित्र वृत्तपत्रात कधी छापून आलेले नाही.

चौफुला (धागाकर्ता)

सिग्नलदुरुस्ती, आपला प्रतिसाद मी समितीपुढे जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. दुरुस्तीला लागणारा वेळ हा निकष आमच्या कोणाच्याही मनात आला नव्हता. एक शंका आहे: अशी नोंदवही ठेवलीच जात नसेल तर काय करावे?

सिग्नलदुरुस्ती

नोंदवही नाही, याचा अर्थ त्या अर्जदाराचा विचार होणार नाही. पुरस्कारामुळे नोंदी ठेवण्याची सवय लागली, तर तोही त्याचा उपयोगच आहे.

मालवाहू

मी मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे आणि माझी बाजू कदाचित येथे अप्रिय ठरेल, तरी मांडतो. द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून आयटीएमएस ही कॅमेऱ्यांची यंत्रणा चलने काढू लागली. वेग, मार्गिका, सीटबेल्ट, मोबाइल असे अनेक प्रकारचे नियमभंग ती टिपते. बेफाम चालवणाऱ्यांना शिक्षा व्हावी, याबद्दल आम्हा वाहतूकदारांचे दुमत नाही, कारण अशा चालकांमुळे आमचीही माणसे मरतात.

तक्रार वेगळी आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १०० आणि अवजड वाहनांना ८० किलोमीटरची मर्यादा आहे, तर घाटात ती अनुक्रमे ६० आणि ४० आहे. उतारावर भरलेली गाडी ४० च्या आत ठेवताना चालक खालच्या गिअरमध्ये सतत ब्रेक सांभाळत असतो आणि काटा ४३ वर गेला की चलन येते. उतारावर ब्रेक निकामी होण्याचा धोका खरा आहे, म्हणून कमी मर्यादेमागचा हेतू मला समजतो. पण मर्यादा आणि यंत्रणेची सहनमर्यादा ठरवताना भरलेल्या ट्रकमध्ये बसून कोणी घाट उतरून पाहिला होता का, हे मला जाणून घ्यायचे आहे. ई-चलनांच्या मुद्द्यावर २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातील वाहतूकदार संपावर गेले होते, तो राग अशा अनुभवांतून साठलेला होता.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याला प्रमाणपत्र असावे, पुढे वेगावर लक्ष ठेवले जात असल्याचा फलक आधीच लावलेला असावा आणि नियमभंगाची सूचना १५ दिवसांत पाठवावी, असे त्यात सांगितले होते. चलन यंत्रणेला गौरव द्यायचा असेल तर वसुलीची रक्कम कृपया पाहू नका. फलक जागेवर आहेत का, सूचना वेळेत गेली का, हरकत घेतल्यावर किती चलने रद्द झाली आणि हरकतीचा निकाल किती दिवसांत लागला, हे पाहा. ज्या मार्गावर चलने दर वर्षी कमी होत गेली, ती यंत्रणा यशस्वी मानावी. ज्या मार्गावर ती दर वर्षी वाढत गेली, तेथे काहीतरी शिकवायचे राहून गेले आहे.

कुसगावकर

मालवाहू यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, मात्र एक पुरवणी जोडतो. चलने कमी होण्याचे दुसरे कारण कॅमेरे बंद पडणे हेही असू शकते. त्यामुळे हा आकडा सिग्नलदुरुस्ती यांनी सांगितलेल्या चालू-बंदच्या नोंदीशेजारी ठेवूनच वाचावा लागेल.

संत्रानगरी

नागपूरहून लिहीत आहे. आकडेमोड यांनी ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या दिली, तिच्यातील एक अस्वस्थ करणारी गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते: ती जागा धोकादायक ठरण्यासाठी तेथे आधी माणसे मरावी लागतात.

आमच्या शहरात २०२१ मध्ये आय-रास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि महानगरपालिका त्यात सहभागी होत्या. शहर बससेवेच्या गाड्यांना पुढचे दृश्य पाहून चालकाला टक्कर होण्यापूर्वी सावध करणारी उपकरणे बसवली गेली. चालकाला इशारा मिळणे हा पहिला उपयोग झाला, पण मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो. रोज त्याच मार्गांवर धावणाऱ्या बसगाड्यांना कोणत्या वळणावर वारंवार इशारे मिळतात, याचा नकाशा तयार करता येतो आणि जेथे अजून मोठा अपघात झालेला नाही, परंतु थोडक्यात बचावण्याचे प्रसंग वरचेवर घडतात, अशा जागा ओळखता येतात. त्यांना ‘ग्रे स्पॉट’ म्हटले जाते. अशा जागी दुभाजकातील फट बुजवणे किंवा झाकलेला फलक मोकळा करणे हे फार खर्चाचे काम नसते.

अडचण अशी की, न घडलेल्या अपघाताचा पुरावा देता येत नाही. म्हणून निकषांत केवळ मृत्यूतील घट ठेवली, तर असे काम करणारे कायम मागे पडतील. ‘धोक्याची जागा ओळखल्यापासून ती दुरुस्त होईपर्यंत किती दिवस लागले’ हे मोजता येते आणि ते निकषांत यावे.

पादचारी

एवढ्या चर्चेत पायी चालणारा माणूस अजून आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. चौक ओलांडण्याची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने २४ मीटरचा रस्ता ओलांडायला २० सेकंद पुरतात. माझ्या आईचा वेग ०.८ मीटरच्या पुढे नाही. तिला ३० सेकंद लागतात. आमच्या जवळच्या मोठ्या चौकात चालणाऱ्यांसाठी दिवा आहे, पण तो हिरवा असतानाच डावीकडे वळणारी वाहने अखंड चालू असतात. कोणत्याही शहराने ‘वाहनांचा सरासरी प्रवासवेळ इतक्या टक्क्यांनी घटवला’ असे सांगितले, की चालणाऱ्यांची सरासरी प्रतीक्षा तेवढ्या काळात वाढली का, हे विचारणे समितीचे कर्तव्य ठरावे. बरेचदा ती मिनिटे त्यांच्याच खिशातून काढलेली असतात.

जुनाबाजार

इतिहासाची आवड असल्यामुळे दोन गोष्टी सांगतो, कारण गौरव कोणाच्या वाट्याला येतो हा प्रश्न जुना आहे.

लंडनमध्ये १८६८ च्या डिसेंबरात पार्लमेंटजवळ जगातील पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. रेल्वे अभियंता जे. पी. नाइट यांची ती कल्पना होती, म्हणून त्यांचे नाव पुस्तकांत आहे. गॅसवर चालणारा तो दिवा एक पोलीस हाताने फिरवत असे आणि अवघ्या महिन्याभरात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. त्याचे नाव सहसा कोणी सांगत नाही.

सिंगापूरने २ जून १९७५ रोजी शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले, तेव्हा ना संगणक होता ना कॅमेरा. काचेवर कागदी परवाना चिकटवायचा आणि कमानीपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांनी धावत्या गाड्यांवरचे परवाने डोळ्यांनी ओळखून नसलेल्यांचे क्रमांक टिपायचे, अशी ती पद्धत होती. ती चालली म्हणूनच १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धत आणता आली. या विचाराचे एक जनक, अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी गर्दीच्या रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक शुल्काची कल्पना १९५९ मध्येच वॉशिंग्टनसाठी मांडली होती. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले ते वेगळ्या विषयातील कामासाठी आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले.

यावरून माझी सूचना अशी आहे की, पुरस्काराच्या मानपत्रावर प्रकल्पाच्या प्रमुखाबरोबर चौकात उभ्या राहणाऱ्या किमान एका हवालदाराचे, वॉर्डनचे किंवा तंत्रज्ञाचे नाव असलेच पाहिजे, असा नियम करावा. सिग्नल बंद पडल्यावर भर पावसात शिट्टी वाजवत तीच यंत्रणा हातांनी चालवणारा तोच असतो.

आकडेमोड

हवालदारांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. मात्र त्यांच्या बाबतीत कृपया ‘किती चलने केली’ हा मापदंड नको. अपघातानंतर रस्ता मोकळा करायला लागलेला वेळ आणि रुग्णवाहिकेला वाट मिळवून देण्याची तत्परता या गोष्टी नियंत्रण कक्षाच्या नोंदींतून काढता येतात.

चौफुला (धागाकर्ता)

सर्वांच्या प्रतिसादांवरून मी मसुदा असा बदलला आहे. अर्ज यंत्रणा सुरू होऊन ३ वर्षे पूर्ण झाल्यावरच करता येईल. अर्जात समस्या कशी शोधली याचे वर्णन, आधीच्या आणि नंतरच्या ३-३ वर्षांचे मृत्यू व गंभीर जखमींचे आकडे, वाहतुकीतील वाढ किंवा घट आणि तुलनेसाठी घेतलेला दुसरा रस्ता यांची माहिती द्यावी लागेल. बिघाड आणि दुरुस्तीच्या नोंदी जोडल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही. चलनांविषयीच्या प्रकल्पांनी रद्द झालेल्या चलनांचे प्रमाण आणि हरकतींचा निकाल लागण्याचा काळ सांगावा लागेल, तर चौक सुधारणेच्या प्रकल्पांनी पादचाऱ्यांची प्रतीक्षा मोजून दाखवावी लागेल. धोक्याच्या जागा अपघात होण्यापूर्वीच दुरुस्त करणाऱ्यांसाठी वेगळा सन्मान असेल आणि त्यात मृत्यूंच्या आकड्याची अट नसेल. खर्चाची रक्कम आणि कॅमेऱ्यांची संख्या यांसाठी अर्जात रकानाच ठेवलेला नाही.

द्रुतगती मार्गाचे उदाहरण मी मसुद्याच्या परिशिष्टात नमुना म्हणून ठेवत आहे. तुलना मात्र २०२० वगळून, आधीच्या वर्षांच्या सरासरीवर केली जाईल.

उत्तरायण

मसुदा चांगला उतरला आहे. फक्त पडताळणी कोण करणार, हे त्यात आलेले नाही. अर्जदाराने दिलेले आकडे अर्जदारानेच तपासले, असे होऊ नये.

संत्रानगरी

अपघातांच्या बाबतीत ते अवघड नाही. मद्रास आयआयटीने विकसित केलेल्या आय-रॅड या अपघातनोंदीच्या प्रणालीची सुरुवात ज्या ६ राज्यांपासून झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळावरून मोबाइलवर अपघाताची जागा आणि तपशील नोंदवतात. संबंधित पट्ट्याची माहिती माहिती अधिकारात मागता येईल आणि अर्जातील आकड्यांशी ताडून पाहता येईल. लूप आणि कॅमेऱ्यांसाठी मात्र पेटी उघडणारा माणूसच लागेल.

सिग्नलदुरुस्ती

त्या कामासाठी मी येईन. माझ्याबरोबर निवृत्त झालेले आणखी दोन सहकारी आहेत, त्यांनाही विचारतो. पेटीची किल्ली ज्या कार्यालयाकडे असते, त्याची लेखी परवानगी समितीने आधी मिळवून ठेवावी आणि पाहणीची तारीख अर्जदाराला आदल्या दिवशीपर्यंत कळवू नये.